बावीस चौकोन

फेब्रुवारीतली गोष्ट. वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली मी मुक्ताईनगरला घरी आलो होतो. तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या मॅडम ओळखीच्या. त्यांनी फोन केला, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग नववीच्या पोरांसाठी एक शब्दकोडं बनवून दे. अलंकार, वृत्तं, कवींची नावं, सगळं त्यात आलं पाहिजे. उजळणी करा म्हटलं की पोरं जांभया देतात."

मला वाटलं, एका रात्रीचं काम. स्क्रिप्ट लिहिली, शब्द टाकले, कोडं तयार. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून चाळीस झेरॉक्स काढून वर्गात गेलो. पाचव्या मिनिटाला दुसऱ्या बाकावरून हात वर आला.

"दादा, हे चुकलंय. 'आपल्या गावाचं नाव जिच्यावरून पडलं ती संत' म्हणजे मुक्ताई. पण घरं चार आहेत. मुक्ताई तर तीनच घरांत बसते."

मु, क्ता, ई. तीनच. माझ्या प्रोग्रॅमने मात्र चार मोजली होती: मु, क्, ता, ई. ज्या गावात मुक्ताईचं नाव घेऊन दिवस सुरू होतो, तिथे मी तिचं नाव चुकीचं मोजलं होतं. वर्ग मनसोक्त हसला. त्या हसण्यापासून मी शब्दकोड्यांचा इतिहास खणायला लागलो. कविता शिकवताना आपण नेमकं काय तपासतो, या प्रश्नाशी तो मला घेऊन गेला.

अक्षर म्हणजे काय रे भाऊ?

आधी माझ्या चुकीचा हिशोब. कॉम्प्युटर आपल्यासारखं अक्षर बघत नाही. त्याच्यासाठी 'मुक्ताई' म्हणजे सात चिन्हं: म, उकार, क, हलन्त, त, काना, ई. 'उत्प्रेक्षा' तर तब्बल अकरा चिन्हांची. माणूस ती उ, त्प्रे, क्षा अशी तीन घासांत उच्चारतो. सुटी चिन्हं जोडून 'वाचणाऱ्याला एक वाटेल असा तुकडा' कसा ओळखायचा, याचे नियम युनिकोडने ठरवले आहेत. पण कित्येक वर्षं त्या नियमांत देवनागरीतलं जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं. ही दुरुस्ती 15.1 या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर 2023 मध्ये झाली. मी वापरलेली लायब्ररी त्याच्या आधीची होती. म्हणून उत्प्रेक्षेला तीनऐवजी सहा घरं मिळाली.

रविवारच्या पुरवणीतलं कोडं पेन्सिलीने सोडवणाऱ्या माझ्या आजोबांना हा नियम कुणी सांगावा लागला नव्हता. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, मात्रेसकट आणि जोडासकट. त्यामुळे आपलं कोडं इंग्रजीपेक्षा जास्त हट्टी असतं. 'यमक'मधला म आणि 'उपमा'मधला मा एकमेकांना छेदू शकत नाहीत. 'उपमा' आणि 'रूपक' मात्र प वर छान छेदतात.

गंमत अशी की माझा प्रोग्रॅम पूर्ण चुकलाही नव्हता. वृत्त शिकताना आपण लघु-गुरू लावतो. 'मु' एकटा असता तर लघु. पण पुढे 'क्ता' हे जोडाक्षर आलं की त्यातल्या अर्ध्या क् चा आघात मागच्या मु वर पडतो आणि मु गुरू होतो. म्हणजे तो क् बसतो 'ता'च्या घरात, पण वजन टाकतो शेजारच्या घरात. मोजायला गेलं तर तीन अक्षरं आणि ऐकायला गेलं तर चौथ्याची चाहूल. हे मी दहावीत पाठ केलं होतं, पण मला ते कळलं कोडं चुकल्यावर.

दोन शब्दांची एक भिंत

आज आपण ज्याला शब्दकोडं म्हणतो ते 21 डिसेंबर 1913 च्या रविवारी न्यूयॉर्क वर्ल्ड या दैनिकात छापून आलं. बनवणारा आर्थर विन, मूळचा लिव्हरपूलचा. कोड्याचा आकार हिऱ्यासारखा होता आणि मधोमध पोकळी होती. शब्द सांगून ओळखायला लावणं तर जगभर जुनंच आहे. आपल्याकडे लग्नातले उखाणे, जात्यावरच्या कोड्यांच्या ओव्या आहेतच. कोड्याला खास बनवलं ते छेदाने: एक अक्षर दोन शब्दांच्या मालकीचं. चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये एक भिंत असते तसं. एका बाजूने चुकलात की दुसऱ्या बाजूला आवाज जातो.

ही कल्पना आपल्या छंदःशास्त्रात फार आधीपासून बसलेली आहे, असं मी म्हणालो तर अतिशयोक्ती वाटेल. म्हणून दाखवतोच. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं सूत्र आठवा: यमाताराजभानसलगं. तीन-तीन अक्षरांचे आठ गण लक्षात ठेवायची ही किल्ली. 'य' गण कसा? य पासून तीन अक्षरं घ्या, यमाता, लघु गुरू गुरू. 'म' गण? मातारा, तिन्ही गुरू. 'त' गण? ताराज. असं करत शेवटी सलगं.

आता इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघा. आठ गण, प्रत्येकी तीन अक्षरं, म्हणजे सुटे लिहायला चोवीस अक्षरं लागतील. सूत्र फक्त दहा अक्षरांत भागवतं. कारण प्रत्येक गण शेजाऱ्याची अक्षरं वापरतो. 'रा' हे अक्षर म गणात शेवटचं आहे, त गणात मधलं आणि र गणात पहिलं. लघु-गुरूंच्या तीन अक्षरी जेवढ्या रचना शक्य आहेत, त्या आठही यात एकेकदाच येतात, एकही परत येत नाही. शिवाय शेवटची दोन अक्षरं (ल, गं) आणि पहिली दोन (य, मा) यांची चाल सारखीच, लघु-गुरू. म्हणून सूत्राची दोन टोकं जोडून कडं केलं तर आठच अक्षरं पुरतात. अशा मालिकांना आज गणितात डी ब्रॉयन या डच गणितज्ञाचं नाव आहे, त्याचा त्यावरचा निबंध 1946 चा. आमच्या कॉलेजात हा विषय आला तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाबांनो, हे तुम्हाला शाळेतल्या मराठीच्या तासाला येऊन गेलंय.

सूत्र पाठ करणं आणि सूत्रात कोडं आहे हे दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी कवींनीही अक्षरांच्या घरांचा खेळ भरपूर खेळला. त्यातले उस्ताद मोरोपंत (1729–1794), बारामतीचे. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली, असं साहित्याचा इतिहास सांगतो, आणि त्यातल्या कित्येकांना एकेक अट. निरोष्ठ रामायणात ओठ मिटवायला लावणारी अक्षरं वर्ज्य. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता विचार करा, म नाही म्हणजे 'राम' म्हणताच येत नाही, आणि सांगायचं रामायण! मंत्ररामायणात 'श्रीराम जय राम जय जय राम' या मंत्राची तेरा अक्षरं रचनेत गुंफलेली. वाचणारा कथा वाचतो आणि शोधणाऱ्याला मंत्र सापडतो.

पुढे अनेकांनी अशा रचनांना कसरत म्हणून बाजूला सारलं. मलाही ती आधी कसरतच वाटली. पण बंधन घातल्यावर भाषेचे कोणते दरवाजे उघडतात, हे पंतांना ठाऊक होतं. ट्विटरच्या अक्षरमर्यादेत वाढलेल्या आपल्या पिढीला ते कळायला हरकत नसावी.

मानवीकरणाचा घोळ

परत वर्गात येऊ. चुकलेलं कोडं घरी नेलं, दुरुस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. या वेळी अक्षरं नीट बसली आणि पोरं तुटून पडली. 'उपमा' आणि 'उत्प्रेक्षा' मी मुद्दाम एकाच उ वर छेदल्या होत्या, कारण परीक्षेत गोंधळ तिथेच होतो. उत्प्रेक्षेचा संकेत दिला: 'सारखं म्हणत नाही, जणू म्हणते.' मागच्या बाकावर त्यावरून दहा मिनिटं वाद झाला. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. एवढा वाद त्यांनी उत्प्रेक्षेवरून कधी ऐकला नसावा.

मग एक पोरगा अडला. संकेत होता: 'निर्जीव वस्तू माणसासारखी वागते.' घरं सहा. माझं उत्तर चेतनगुणोक्ती. त्याने लिहिलं मानवीकरण. हिंदीच्या तासाला हाच शब्द शिकवतात. मोजून बघा: मा, न, वी, क, र, ण. सहाच!

तो चुकला होता का? अर्थाने नाही. घरांच्या संख्येनेही नाही. मग त्याला चूक कोण म्हणणार? माझी उत्तरपत्रिका? मी तोंड उघडणार इतक्यात त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, उभा शब्द बघ. अतिशयोक्ती आहे. शेवटचं घर क्ती आलं पाहिजे. तुझा तिथे ण येतोय."

त्याने खोडरबर घेतलं. त्याला उत्तरपत्रिकेने नाही, छेदाने पटवलं. मला त्या क्षणी वाटलं, या सगळ्या खेळात खरी शिकवण कुठे असेल तर ती इथे आहे. आणि नेमकी हीच गोष्ट एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आली आहे.

बंद पाकीट

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड होतं. कूपन भरायचं, प्रवेश फी जोडायची, टपालात टाकायचं. मुंबई राज्याने 1948 मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. बंगळूरला छापलेल्या 'स्पोर्टिंग स्टार' या वृत्तपत्रातून आर.एम.डी.सी. कोडी चालवली जायची आणि मुंबई राज्यात त्यांचा मोठा खप होता. परराज्यात छापलेल्या पेपरांनाही कायदा लागू केल्यावर चालक, म्हणजे आर.एम.डी. चामरबागवाला, कोर्टात गेले. दरम्यान 1955 मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा करून महिन्याची एकूण बक्षिसं हजार रुपयांपुरती आणि प्रवेशिका दोन हजारांपुरत्या मर्यादित केल्या. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला: हा धंदा म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही.

शब्दकोडं आणि जुगार? आजोबांना हे ऐकून वाईट वाटलं असतं. पण कोर्टाचं म्हणणं बारकाईने वाचलं की पटतं. त्या कोड्यांत एका जागी दोन-दोन शब्द सारखेच चपखल बसायचे. छेदणारी अक्षरं दोन्हींना चालायची. मग बरोबर कोणता? चालकांनी आधीच ठरवून ठेवलेला. म्हणजे सोडवणाऱ्याने भाषेचा विचार करायचाच नाही. चालकाच्या मनात काय असेल एवढंच ओळखायचं. यात कौशल्य कुठलं, ही नुसती अटकळ.

हे वाचताना मला माझी दहावी आठवली. कवितेच्या रसग्रहणात मी माझ्या समजुतीप्रमाणे एक अर्थ लिहिला होता. त्याला आधार म्हणून कवितेतल्याच दोन ओळी दाखवल्या होत्या. शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली, शेजारी लिहिलं 'गाइड पाहा' आणि दोन गुण कापले. दोन गुणांचं दुःख नाही. पण त्यानंतर मी कविता वाचायचं सोडलं. पाकिटात काय ठेवलंय ते पाठ करायला लागलो. गुण वाढले. वृत्तं तोंडपाठ, अलंकार तोंडपाठ, आणि बारावीनंतर नऊ-दहा वर्षं एकही कविता आपणहून वाचली नाही.

पाकीट नेहमीच वाईट असतं असं मी म्हणत नाही. 'मोरोपंतांची केकावली कोणत्या वृत्तात?' याला एकच उत्तर आहे, पृथ्वी. ते माहीत असायला हवं आणि शब्दकोडं ते छान पक्कं करतं. घोटाळा होतो तो नावासाठी बनलेलं पाकीट आपण अर्थाला लावतो तेव्हा.

कोरं पत्र आणि सूर्य गिळणारी मुंगी

आमच्या तालुक्यात तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. चांगदेवांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असते. चौदाशे वर्षं तपाने जगलेले हे योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतात आणि मायन्यालाच अडतात. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठा. शेवटी कोराच कागद पाठवतात. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताई म्हणाली, असं परंपरा सांगते. त्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणजे ज्ञानदेवांची पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी'. आणि पुढे त्या वयोवृद्ध योग्याने गुरू केलं ते मुक्ताईला.

लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला आता वेगळी दिसते. चांगदेवांना पाकिटातलं बरोबर उत्तर हवं होतं. मायना चुकेल या भीतीने त्यांनी एकही घर भरलं नाही. मुक्ताईने त्यांना चुकलास म्हटलं नाही, कोरा राहिलास म्हटलं. यातला फरक आपल्या परीक्षांना कधी कळेल?

परंपरेप्रमाणे मुक्ताईचा काळ 1279 ते 1297, म्हणजे उणंपुरं अठरा वर्षांचं आयुष्य. वर्गातली पोरं तिच्यापेक्षा तीनचार वर्षांनीच लहान. आज आपल्या तालुक्यात असलेल्या मेहूणजवळ, तापीकाठी, वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, अशी श्रद्धा आहे. तिच्या नावावर एक प्रसिद्ध कूट अभंग आहे. त्यात एक मुंगी आभाळात उडते आणि सूर्य गिळून टाकते, आणि पुढे अशीच एकेक अशक्य गोष्ट घडत जाते. कूट म्हणजे कोडंच. पण त्याची उत्तरपत्रिका मुक्ताईने कुठे ठेवलेली नाही. कीर्तनकार सांगतात, मुंगी म्हणजे सूक्ष्म झालेला जीव. कुणी म्हणतं, मुंगी म्हणजे जाणीव. सातशेहून जास्त वर्षं लोक हे कोडं सोडवताहेत.

मग काहीही अर्थ लावला तर चालतो का? नाही. तिथेच तो पोरगा आणि त्याचं खोडरबर कामाला येतं. मुंगीचा तुम्ही जो अर्थ लावाल तो पुढच्या ओळीतल्या घटनेला छेदून गेला पाहिजे. तिथे अडला तर खोडा, पुन्हा लिहा. कवितेतही आडवे-उभे शब्द असतात. तुमच्या अर्थाची परीक्षा कवितेच्याच दुसऱ्या ओळी घेतात, पाकीट घेत नाही. माझ्या दहावीच्या उत्तराला तेवढीच तर संधी हवी होती.

सहा, सहा, सहा, चार

तिसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, आज कोड्याचं फक्त जाळं देऊ का, संकेत न देता? त्या म्हणाल्या, "दे. पण वेळ वाया घालवू नकोस हं, पोर्शन राहिलाय."

मोठ्या अभंगाचा साचा सगळ्यांना पुस्तकातून माहीत होता: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्याचं यमक. मी फळ्यावर तेवढे चौकोन काढले. एकूण बावीस. जोडाक्षराला एकच घर. "यात तुम्हाला हवं ते भरा," म्हटलं.

आधी शांतता. मग बोटांवर मोजणं सुरू झालं. मला जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे आमचं शब्दकोडं त्यांना सोडवताच आलं नसतं. पण जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवीचं माप त्यांच्या कानात पक्कं होतं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली, तेव्हा शिकलेल्या लोकांना कळलं की आपल्या शेजारी काय होतं. घरं त्यांना दिसत नव्हती, ऐकू येत होती. वर्गातली बोटंही आता तेच करत होती.

वीस मिनिटांनी मुक्ताईची घरं मोजणाऱ्या त्याच मुलीने कागद पुढे केला:

केळीच्या बागेत
वारा शिरे जेव्हा
बाप जागे तेव्हा
रात सारी

मी मोजलं. सहा, सहा, सहा, चार. जेव्हा, तेव्हा. 'व्हा' बरोबर एका घरात.

मॅडमनी वर्गाला विचारलं, "बाप का जागा आहे?" एक जण म्हणाला, रात्रीची लाइट असते ना, मोटर सुरू करायला. आमच्याकडे हे कुणालाही पटेल असं उत्तर. पण मागून कुणीतरी म्हणालं, "मग वारा कशाला आला त्यात? मोटरला वाऱ्याशी काय करायचं?" तिसरा म्हणाला, वादळात केळी आडवी होते म्हणून. हे उत्तर वाऱ्याशी जुळत होतं, जेव्हा-तेव्हाशी जुळत होतं, रात साऱ्या रातीशीही जुळत होतं. कुणी गाइड उघडलं नव्हतं.

मग मुलगी स्वतः बोलली. "गेल्या जूनमध्ये आमची निसवलेली बाग पडली. तेव्हापासून नुसता वारा सुटला तरी पप्पा उठून बसतात." एवढं बोलून ती खाली बसली. वर्गात अर्ध्याहून जास्त पोरं केळीवाल्यांची. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, "याला गुण कसे द्यायचे रे?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी तो कागद घडी करून त्यांच्या हजेरीपुस्तकात ठेवला.

स्क्रिप्ट मी दुरुस्त करून त्यांना पाठवली आहे. आता ती मुक्ताईला तीनच घरं देते. सोबत एक पर्यायही जोडला आहे: संकेत नाहीत, उत्तरपत्रिका नाही, फक्त बावीस रिकामे चौकोन छापून मिळतात. मॅडमचा मेसेज आला की पोर्शन संपल्यावर शनिवारी तेच वापरणार आहेत. मी एक प्रिंट माझ्यासाठीही काढली. टेबलावर पडून आहे. पहिली सहा घरं भरली आहेत, दोनदा खोडून.